दुसरा घटक कोइमतूरला असतो

विद्यापीठाच्या खात्यात शिरणारा विद्यार्थी खरोखर तोच आहे ना, हे दोन स्वतंत्र पुराव्यांवरून ठरवण्याच्या रीतीला द्विघटक प्रमाणीकरण म्हणतात. पहिला पुरावा माणसाला ठाऊक असलेल्या गोष्टीचा, म्हणजे पासवर्डचा, आणि दुसरा त्याच्या ताब्यातल्या वस्तूचा, म्हणजे बहुधा मोबाइलचा असतो. पासवर्ड लांबवणाऱ्याला मोबाइलही लांबवावा लागावा, हा त्यामागचा हेतू निर्दोष आहे. मात्र मोबाइल ज्याचा त्याच्याच खिशात असतो असे गृहीत धरणाऱ्यांनी विट्याचा विचार केलेला दिसत नाही.

विटा आणि भोवतालचा खानापूर-आटपाडीचा दुष्काळी मुलूख हा गलाईवाल्यांचा मुलूख आहे. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा धंदा, आणि त्यापायी इथली कुटुंबे केरळ-तमिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंत पांगलेली आहेत. परिणामी मुलगा विट्यात, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात शिकत असतो, आणि त्याचे आधार काढताना ज्यांचा क्रमांक दिला गेला ते वडील कोइमतूरला भट्टीपुढे बसलेले असतात. शैक्षणिक क्रेडिटचे खाते डिजिलॉकरमधून उघडायचे असो वा महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असो, सहा अंकी ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा आणि काही मिनिटांत बाद होणारा अंक, विट्याला न येता कोइमतूरलाच उतरतो.

तो परत आणण्याचा विधी पाहण्याजोगा असतो. ज्या फोनवर संदेश आला त्याच फोनवर बोलणे चालू असल्याने वडील तो कानापासून दूर धरतात, स्पीकर लावतात, आणि संदेशात जे लिहिले आहे ते इमानाने पहिल्यापासून वाचतात, ज्यात हा अंक कोणालाही सांगू नये ही सूचनाही येते. त्यानंतर अंक सगळ्या पेढीला ऐकू जाईल अशा आवाजात, दोन-दोनच्या जोड्यांनी सांगितला जातो, आणि इंग्रजी माध्यमातून आलेला मुलगा एकोणऐंशीच्या जागी एकोणनव्वद लिहून मोकळा होतो. मग दुसरा ओटीपी मागवावा लागतो.

वास्तविक दुहेरी पारखीचे तत्त्व गलाईवाल्याला शिकवण्याची गरज नाही, कारण कसोटीवरची रेघ कितीही पिवळी दिसली तरी तिच्यावर आम्लाचा थेंब सोडल्याशिवाय तो सोन्याविषयी शब्द काढत नाही. फरक एवढाच, की त्याचा दगड आणि त्याचे आम्ल एकाच मेजावर असतात.

दर 30 सेकंदांनी नवा अंक दाखवणारे ॲप हा पर्याय जिथे दिलेला असेल तिथे तो बरा, कारण ते सुरुवातीला जोडलेल्या गुप्त किल्लीवरून आणि घड्याळावरून अंक काढते आणि त्याला रेंजही लागत नाही. पण आधारचा ओटीपी नोंदवलेल्या क्रमांकावरच जायचा. तो क्रमांक बदलण्यासाठी वडिलांनी दिवाळीला गावी येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आधार मुलाचे आहे, ठसेही त्याच्याच बोटांचे लागतात, तेव्हा अर्जाची मुदत संपत येण्यापूर्वीच त्याने आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा क्रमांक जोडून घ्यावा.