चौकातल्या फ्लेक्सवरील समाजसेवकांना पत्र

मा. भाऊ (तरुण, तडफदार, कार्यसम्राट, भावी नगरसेवक) यांस,



आपल्या वाढदिवसाचा फ्लेक्स पाहिला. अख्खा बसस्टॉप आणि रिक्षा स्टँडची पाटी झाकूनही वर चार हात उरलाय. नावाखाली ठळक अक्षरांत ‘समाजसेवक’. मी एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षं, आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क, रात्री जागून लिहिलेले अहवाल. एवढं करूनही हा शब्द नावापुढे लावायची माझी छाती होत नाही. म्हटलं, आपलं कॉलेज कुठलं ते एकदा विचारावं.

आमच्याकडे पहिल्याच तासाला बजावतात की समाजसेवा वेगळी, समाजकार्य वेगळं. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटांच्या नावाने या विषयाची शाळा निघाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट पहिले संचालक. तीच पुढे ‘टिस’ (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) झाली. तेव्हापासून पोरं हा फरक घोकतायत. आणि पदवी घेऊन सरकारी रुग्णालयात चिकटलं, की पदाचं नाव काय? समाजसेवा अधीक्षक! वकिलांना बार कौन्सिल आहे, आमच्या विषयाची तशी स्वतंत्र परिषद नाही. तेव्हा भाऊ, निर्धास्त असा. सनद बघायला कोणी येणार नाही.

आपली एकदा भेट झालीय. माझं फील्डवर्क चालतं त्या रुग्णालयाच्या वॉर्डात केळी वाटायला आला होतात. अकरा नंबरच्या खाटेवरच्या आजींना केळं दिलंत, मग परत घेतलंत आणि पुन्हा दिलंत, कारण पहिल्या फोटोत आपले डोळे मिटले होते. आजींना शुगर आहे, पण ते असो. मागे फाईल धरून उभी होती ती मी. आजींच्या रेशनकार्डावर ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’. त्या एका ‘बाई’पायी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद अडले होते. मुलगा रोजंदारीवर, खाडा झाला की मजुरी बुडते. म्हणून तहसील कचेरीच्या तीन खेपा मी मारल्या. फोटो एकाही खेपेचा नाही.

फील्डवर्कच्या अहवालात मी लिहिलं, ‘आजींकडे पाहून मला फार वाईट वाटले.’ कॉलेजातल्या मॅडमनी लाल शाईत शेरा मारला : ‘तुझं राहू दे. आजींना काय हवंय, ते विचारलंस का?’

नव्हतं विचारलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर आजी म्हणाल्या, “माझं काय घेऊन बसलीस पोरी? पाऊस लागलाय, घर गळतंय का तेवढं बघून ये.”

गेले. नाल्याकडेची वस्ती, दहा बाय दहाची खोली. छपराचे दोन पत्रे उडालेले आणि त्या जागी, भाऊ, आपला गेल्या वर्षीचा फ्लेक्स! चारी कोपऱ्यांना विटा, छापील बाजू खाली. आपण हात जोडून थेट आजींच्या अंथरुणाकडे बघताय. बाहेर धो धो पाऊस, आणि अंथरूण कोरडं ठक्क. अहवालात ‘उपलब्ध संसाधने’ असा एक रकाना असतो, त्यात आपलं नाव लिहून टाकलं.

तरी एक विनंती. यंदाचा फ्लेक्स उतरवाल तेव्हा मला निरोप द्या, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. चुलीवरचा कोपरा अजून गळतोय.

आपली,
एमएसडब्ल्यू, भाग दोन