पोळीवर आळ

दात तुटला की घरात पहिला प्रश्न येतो, "काय खात होतास?" दुखतंय का, रक्त येतंय का, ही चौकशी नंतर, आधी आरोपी हजर पाहिजे. मग दिवाळीत चकली सापडते, संक्रांतीला गुळाची कडक वडी, आणि एरवी बाळंतिणीसाठी केलेला पण घरातल्या पुरुषांनी गुपचूप संपवलेला डिंकाचा लाडू. आमच्या मामांची दाढ मात्र मऊसूत पोळीच्या घासाला तुटली. पोळीचं नाव घेणं शक्य नव्हतं, कारण मामी समोरच उभ्या होत्या. "काहीतरी कडक लागलं," असा मोघम जबाब मामांनी दिला.

मला विचाराल तर पोळी आणि मामी दोघीही निर्दोष. दाढ बहुधा त्या दिवशी तुटतच नाही. तुटत आलेली आहे हे त्या दिवशी कळतं.

खरं तर दाताच्या वरच्या इनॅमलइतकं कठीण आपल्या अंगात दुसरं काही नाही. वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज. कठीणपणाच्या मोहस मोजपट्टीवर इनॅमल ५ च्या आसपास आणि शुद्ध लोखंड ४ च्या. म्हणजे लोखंडाचे चणे खायची सोय निसर्गाने करून ठेवली आहे, आपणच कमी पडतो. अडचण एवढीच की इनॅमलला ओरखडा सोसतो, वाकणं सोसत नाही. त्याच्याखालचं दंतिन जरा लवचिक असतं, ते बारीक चिरेला पुष्कळ दिवस आवरून धरतं. पण चीर बुजत मात्र नाही. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत आपलं काम आटोपून नाहीशा झालेल्या असतात. मोडलेलं हाड सांधतं. इथे सांधायला मागे कुणी उरलेलंच नसतं.

एका आरोपीला मात्र मी सोडणार नाही, तो म्हणजे भातातला खडा. तो गारगोटीचा असला तर मोजपट्टीवर थेट ७. शिवाय त्याची वेळ बघा. समोर चिक्की असली की जबडा जपून पुढे सरकतो. वरणभात म्हटल्यावर तो बेसावध असतो, आणि सगळा जोर दाढेच्या एकाच टोकावर येतो. दुपारी सूप घेऊन तांदूळ निवडत बसणाऱ्या आज्या एका परीने दंतवैद्यकीच करत होत्या, तीही विनामूल्य.

बाकी मग वर्षानुवर्षांची किरकोळ कामं. अडकित्ता हाताशी असताना सुपारी दाढेखाली फोडायची, सोड्याच्या बाटलीचं बूच दातांनी काढून दाखवायचं, सरबत संपल्यावर ग्लासातला बर्फ कडाकडा चावायचा. जुन्या दाढेत मोठी चांदी भरलेली असली तर उरलेल्या भिंती आधीच पातळ झालेल्या असतात. रूट कॅनल करून 'कॅप नंतर बघू' म्हणणारे तर माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत.

आणि सगळ्यात मोठा कारभार रात्री चालतो. दिवसभर साहेबांपुढे हूं की चूं न करणारा माणूस झोपेत करकर दात खातो. जागेपणी दाताला काही टोचलं तर जबडा लगेच मागे येतो. झोपेत हा आवर सैल पडतो. शेजारी झोपणाऱ्याला आवाज ऐकू येतो, खाणाऱ्याला पत्ता नसतो. लहानपणी याला जंत झालेत म्हणायचे. मामांच्या वयात जंतांवर ढकलणं अवघड.

अशा दाढेची कळही चमत्कारिक. चावताना फारशी नाही. घास सोडताना दोन्ही बाजू पुन्हा जवळ येतात तेव्हा ती थेट मस्तकात जाते. एक्स-रेत पुष्कळदा काही दिसत नाही, त्यामुळे 'तुम्हाला उगाच वाटतंय' हे ऐकण्याची पाळी येते. कॅमेरॉन नावाच्या अमेरिकी दंतवैद्याने १९६४ साली या दुखण्याला 'क्रॅक्ड टूथ सिंड्रोम' असं रीतसर नाव दिलं, तेव्हा कितीतरी लोकांची खोटं बोलत असल्याच्या आरोपातून सुटका झाली असेल. डॉक्टर दाढेवर बाजूने उजेड टाकतात. उजेड चिरेपाशी अडतो. चीर मुळापर्यंत उतरली नसेल तर बैलगाडीच्या चाकाला धाव चढवावी तशी वरून कॅप बसवतात. उतरली असेल तर दाढ काढावी लागते.

मामांची दाढ वाचली. डॉक्टरांनी रात्री घालायला पारदर्शक, कडक प्लॅस्टिकचं एक दातांचं कवचही दिलं. मामा ते डबीत ठेवतात आणि झोपताना तक्रार करत तोंडात बसवतात. "आमच्या बरोबरीचे लोक रात्री दात काढून वाटीत ठेवतात," परवा ते म्हणाले, "आणि मी घालून झोपतो."

मामी म्हणाल्या, "निदान पोळीचं नाव तरी घेत नाही आता."