व्यायामाची तहकुबी

दिवाणी न्यायालयातील तारखांविषयी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जी तक्रार चालत आली आहे, ती करणाऱ्या सद्गृहस्थांनी स्वतःच्या शरीराने स्वतःविरुद्ध गुदरलेली फिर्याद किती वर्षे तहकूब ठेवली आहे, याचा रोजनामा जर कोणी प्रसिद्ध केला, तर वकीलवर्गाचीही मान शरमेने खाली जाईल. पोट पुढे आले आहे, जिना चढताना धाप लागते, हातातून पडलेली किल्ली उचलण्यासाठी नातवाला हाक मारावी लागते, इतका भक्कम पुरावा वादीने दाखल करूनही प्रतिवादी दर वेळी नवी सबब घेऊन उभा राहतो; आणि न्यायासनावरही तोच विराजमान असल्यामुळे पुढची तारीख त्याला मागताक्षणी मिळते.

या सबबी खोट्या असतात, असे व्यायामाचे प्रचारक मोठ्या तावातावाने सांगतात, आणि तेथेच त्यांचा दावा लंगडा पडतो. सबब खोटी असती तर चार दिवसही टिकली नसती. आषाढात पर्वतीच्या 103 पायऱ्या खरोखरच निसरड्या होतात. श्रावणात उपवासाने खरोखरच अशक्तपणा येतो, मग तो साबुदाण्याच्या खिचडीच्या दुसऱ्या बशीनंतर का येईना. भाद्रपदाचा पूर्वार्ध गणपतीचा आणि उत्तरार्ध पितरांचा, व पितृपंधरवड्यात नव्या कार्यास आरंभ करणे तर शास्त्रविरुद्धच. (एरवी पंचांगाला हात न लावणारा मनुष्य या पंधरा दिवसांत किती धर्मनिष्ठ होतो, हे पाहून गहिवरून येते.) दसरा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणून त्या दिवशी चालण्याचे बूट खरेदी होतात, परंतु पाठोपाठ दिवाळी येते, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चकल्यांचा अव्हेर करणे हे काही सुसंस्कृतपणाचे लक्षण नव्हे. मार्गशीर्षात थंडी, पौष अशुभ, माघात लग्नसराई, फाल्गुनात पुरणपोळी, चैत्रात मुलांच्या परीक्षा, वैशाखात ऊन आणि आमरस या दोघांचाही अंमल, आणि ज्येष्ठ तर पावसाची वाट पाहण्यातच सरतो. दर तिसऱ्या वर्षी पंचांगकर्ते कृपावंत होऊन एक महिना अधिक देतात, पण तो जावयाच्या तेहतीस अनारशांसाठी आधीच राखून ठेवलेला असतो.

वेळ नाही, ही सबब सर्वांत मातब्बर. तिला उत्तर म्हणून औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे नाव घेतले, की समोरचा मनुष्य हटकून म्हणतो, "अहो, ते राजे होते!" ते राजे होते हे खरेच, म्हणजे संस्थानचा कारभार पाहणे, चित्रे काढणे, कीर्तने करणे आणि 1939 साली रयतेच्या हाती राज्यकारभार सोपवणारी घटना देणे, एवढीच काय ती किरकोळ कामे त्यांच्यामागे होती. त्यांतून वेळ काढून ते नित्य सूर्यनमस्कार घालीत, त्यावर पुस्तके लिहीत आणि संस्थानातील शाळांतून पोरांकडूनही नमस्कार घालून घेत. सूर्यनमस्काराला एका सतरंजीएवढी जागा लागते आणि साहित्य काहीच लागत नाही. माझ्या मते तो मागे पडण्याचे कारणही हेच असावे. ज्यात विकत घेण्यासारखे काही नाही, त्याच्या पूर्वतयारीत महिना घालवता येत नाही.

पूर्वतयारी हा तहकुबीचा सर्वांत प्रतिष्ठित प्रकार होय. आमच्या परिचयाचे एक निवृत्त अधिकारी या विद्येत निष्णात आहेत. जानेवारीत सवलत असते म्हणून त्यांनी व्यायामशाळेची वर्षाची फी एकरकमी भरली, आणि पैसे भरल्यावर मनुष्याला जे कर्तव्यपूर्तीचे समाधान लाभते, ते इतके परिपूर्ण निघाले की प्रत्यक्ष जाण्याचे प्रयोजनच उरले नाही. बुटांच्या खोक्यातील पातळ कागद अजून चुरगळलेला नाही. मनगटावर पावले मोजणारे घड्याळ मात्र अहोरात्र असते, आणि सायंकाळच्या आरतीत टाळ्या वाजवताना त्या यंत्राने आकडा पुढे सरकवला, हे ध्यानी आल्यापासून त्यांची भक्ती लक्षणीय वाढली आहे. दिवसाला दहा हजार पावले झालीच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह आहे. आणि तेवढी होत नाहीत म्हणून ते शंभरही चालत नाहीत. हा दहा हजारांचा आकडा 1965 च्या सुमारास जपानात विक्रीस आलेल्या एका पावलेमोजणी यंत्राच्या नावातून रूढ झाला, तो कोणा धन्वंतरीचा हुकूम नव्हे, असे मी त्यांना एकदा सांगितले. "म्हणजे त्याला शास्त्राधार नाही तर!" असे म्हणून ते समाधानाने आरामखुर्चीत टेकले.

जे खरोखर बाहेर पडतात, त्यांच्याविषयीही फार भाबडे राहून चालत नाही. रविवारी सकाळी तळजाईवरून उतरणारे घोळके बहुधा मिसळीच्या दुकानाशी येऊन विसर्जित होतात. टेकडीवर जे मिळवले ते तर्रीच्या पहिल्याच वाटीत फिटते; मग जादा पाव, वर ताक, आणि "आज भरपूर चाललोय" हा परवाना.

सन 1953 मध्ये डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा तिकिटांसाठी दिवसभर गाडीचा जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असल्याचे दिसून आले. त्या वाहकांनी कोणतीही व्यायामशाळा गाठली नव्हती, मुहूर्त पाहिला नव्हता आणि संकल्पही सोडला नव्हता. ते केवळ नोकरी करीत होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांकडून आठवड्याला निदान 150 मिनिटांची मध्यम मेहनत मागते, आणि आठवड्यात मिनिटे असतात 10,080. त्यातही, मेहनत सलग दहा मिनिटे तरी झालीच पाहिजे, ही पूर्वीची अट 2020 साली काढून टाकण्यात आली, तेव्हा "पाच मिनिटांनी काय होणार?" ही जुनी, भरवशाची कैफियत त्या दिवसापासून बाद झाली आहे. सांधेदुखी, रक्तदाब, शस्त्रक्रिया अशा कारणांनी ज्यांना खरोखर सूट हवी, त्यांनी ती डॉक्टरांकडून रीतसर घ्यावी. स्वतःच दाखला लिहून स्वतःच सही करू नये.

बाकीच्यांपुढे सबबींचे खंडन करण्याचा माझा मुळीच विचार नाही, कारण त्या खऱ्या आहेत आणि वादात त्याच जिंकतील. पाऊस पडत असेल तर पडू द्यावा, पितृपक्ष असेल तर असू द्यावा, सोमवारही आपल्या गतीने येईल. वाचकांनी हे वर्तमानपत्र येथेच मिटावे, जिन्याने खाली उतरून वाण्याकडून घरात जे संपले असेल ते आणावे, आणि परत येताना लिफ्ट बंद आहे असे समजावे.