सोळा गुंजांचा घोळ

वडिलांच्या रेकॉर्ड प्लेअरला मी नवं कार्ट्रिज बसवलं. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: सुईचा दाब २ ग्रॅम. ही ओळ मी वाचली. तिच्या खालच्या वाचल्या नाहीत.

दांडीच्या शेपटाला एक गोल वजन असतं आणि त्याच्या तोंडाशी आकड्यांची चकती. ती फिरवून मी दोनवर आणली आणि चहा प्यायलो. ही चकती वजनाला न हलवता एकटीच गरगर फिरते, हे मला पुढे कळायचं होतं. आधी दांडी हवेत आडवी तरंगेपर्यंत वजन मागेपुढे करायचं, मग चकती शून्यावर आणायची आणि मग दोन्ही मिळून दोनपर्यंत फिरवायचं, असा त्या न वाचलेल्या ओळींचा मजकूर.

भीमसेनजींच्या अभंगांची एलपी लावली. बुवा एका तानेवर गेले ते परत येईनात. मी डोळे मिटून चार मिनिटं दाद दिली. "रेकॉर्ड अटकली आहे," असं बायको आतून म्हणाली, तेव्हा माझा हात हवेत होता.

सुई हलकी म्हणजे रेकॉर्डवर दया, असा माझा समज. आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनचा भार शंभर ग्रॅमच्या वर असायचा, म्हणून असेल. पण एलपीच्या बारीक खाचेत फार हलकी सुई नीट बसतच नाही. उसळते आणि भिंतींना टोले हाणते. थोड्या जड सुईपेक्षा तीच जास्त नासधूस करते.

बरं, मोजायचं कशानं? घरच्या काट्याला ग्रॅमखालचं काही दिसत नाही. तेव्हा गुंज आठवली. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. जुन्या तोळ्याचे ग्रॅम केले, तर २ ग्रॅमला सोळा गुंजा, जवळजवळ चोख! चंद्रपूर-मूल रस्त्यावरून सोळा लाल बिया वेचून आणल्या, पेन्सिलीवर फुटपट्टी आडवी ठेवली, एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला गुंजा. गुंज विषारी असते हे बायकोला ठाऊक होतं. पोळपाटाशेजारी ती दिसताच तिनं मला प्लेअरसकट गच्चीवर काढलं. हिवाळा होता म्हणून बरं, चंद्रपूरच्या मे महिन्यात एलपीचा पापड होतो. तराजू स्थिरावतोय तोच जवळच्या खाणीत बार उडाला, घर हादरलं आणि गुंजा टाकीखाली गेल्या.

शेवटी प्लेअर पोटाशी धरून सराफाकडे गेलो.

"सोनं कुठं हाय, भाऊ?"

"सुईच्या टोकाला हिरा आहे." तो खरंच असतो.

त्यांनी भिंग लावून पाहिलं. "मोडीत घेत नाय."

मग त्यांनी लहानसा काटा तबकडीच्या जागी ठेवला आणि सुई अलगद टेकवली. आकडा आला ०.६. सापडलेल्या गुंजाही मोजल्या. दोन गुंजा सारख्या भरल्या नाहीत.

दाब आता २ ग्रॅम आहे. दांडी मात्र रेकॉर्डच्या मध्याकडे ओढली जाते, संध्याकाळी चंद्रपूरकर जटपुरा गेटाकडे ओढला जातो तशी. तिला बाहेर खेचायला एक वेगळी कळ असते. मी तिच्याकडे पाहिलं तरी घरातले बाहेर येऊन उभे राहतात.

त्या तानेवर ओरखडा कायमचा पडला आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत कुणाकडे भीमसेनजींच्या अभंगांची तबकडी असेल, तर एकदा ऐकायला बोलवा. मी लांब बसेन.