विसरलेल्या पासवर्डचा शास्त्रोक्त विधी

हार्ड डिस्कची वायर लॅपटॉपला जोडावी. निळा दिवा लुकलुकू लागला, आत काहीतरी बारीक घरघरलं, की पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट येते. तिथे आपल्याला अगदी खात्रीने आठवणारा पासवर्ड टाकावा. तो चुकीचा आहे असं उत्तर आलं की तोच पुन्हा टाकावा, या खेपेला कळा जरा जोरात दाबून. तिसऱ्यांदा एकेका बोटाने, ओठ हलवत. कळ किती जोरात दाबली याची दखल कोणतीच एन्क्रिप्शन प्रणाली घेत नाही, तरी हा टप्पा गाळता येत नाही. तो उरकल्याशिवाय माणूस पुढच्या सूचना वाचण्याच्या मनःस्थितीत येत नाही. कॅप्स लॉक चालू आहे का आणि कीबोर्ड मराठीवर तर राहिला नाही ना, हेही याच टप्प्यात पाहून घ्यावं. व्हेराक्रिप्टसारख्या प्रणालीने बंद केलेली डिस्क असेल तर विंडोजला ती ओळखू येत नाही, आणि ‘वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?’ असं ते मोठ्या अदबीने विचारतं. अशा वेळी मागे उभं राहून ‘अहो, हो म्हणा की, एवढं विचारतंय तर’ असा सल्ला देणारं माणूस प्रत्येक घरात असतं. हो म्हणू नये.

विधीमागचं तत्त्व एकच आहे आणि ते पचायला जड आहे: पासवर्ड ठेवताना आपण जेवढे सामान्य होतो, तेवढीच तो परत सापडण्याची आशा. यावर पहिली हरकत निघते ती मालकी हक्काची. डिस्क माझी, पावती माझ्या नावाची, आतले फोटो माझ्या मुलीच्या बारशाचे, मग मलाच अडवणारं हे कोण? हरकत न्याय्य आहे, पण ती ऐकून घ्यायला तिथे कोणी बसलेलं नाही. बँकेत सही जुळली नाही तर आधार दाखवता येतं, पॅन दाखवता येतं, मॅनेजरच्या मेहुण्याची ओळख काढता येते. ईमेलचा पासवर्ड विसरला तर पलीकडे एक कंपनी असते आणि ती नवीन ठेवू देते. डिस्कमध्ये पलीकडे कोणीच नाही. तिथे आपला पासवर्ड साठवलेलासुद्धा नसतो. आपण टाकलेली अक्षरं गणिताच्या घाण्यातून फिरवली जातात (विंडोजचं स्वतःचं कुलूप, बिटलॉकर, हा फेरा १०,४८,५७६ वेळा करतं) आणि त्यातून जे निघतं त्याने खरी किल्ली सुटते किंवा सुटत नाही. ती किल्ली २५६ बिटांची असेल, तर शक्य किल्ल्यांची संख्या लिहायला ७८ अंक लागतात. हे कुलूप म्हणजे एईएस. योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमन या दोघा बेल्जियन गृहस्थांनी ते घडवलं आणि २००१ साली एनआयएसटी या अमेरिकेच्या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने ते प्रमाण मानलं. मालक आणि चोर यांच्यात भेद करण्याची सोय त्यात ठेवलेली नाही. किंबहुना ती नाही, म्हणूनच ते कुलूप आहे.

दुसरी हरकत: ‘कोणीतरी असेलच की काढून देणारा.’ सिनेमात जाड चष्म्याचा पोरगा दहा सेकंदांत काढून देतो, हे या मताच्या पुष्ट्यर्थ सांगितलं जातं. डेटा रिकव्हरीवाला डिस्कचं बिघडलेलं हेड बदलू शकतो, जळलेला सर्किट बोर्ड दुरुस्त करू शकतो. पण धडधाकट, मजेत फिरणारी आणि तरी न बोलणारी डिस्क पाहून तोही फक्त मान हलवेल. याहून वरच्या दर्जाचा पुरावा ब्राझीलचा आहे. २००८ साली तिथल्या पोलिसांनी डॅनियल डांटास या बँकरच्या घरातून पाच हार्ड डिस्क जप्त केल्या. मोहिमेचं नाव, योगायोग पाहा, ‘सत्याग्रह’ होतं. तिथल्या सरकारी तज्ज्ञांनी पाच महिने डोकं फोडलं, मग डिस्क अमेरिकेला एफबीआयकडे गेल्या, तिथे वर्षभर खटाटोप झाला, आणि २०१० साली त्या जशाच्या तशा, बंदच, परत आल्या. खरा सत्याग्रह डिस्कांनीच केला म्हणायचा. क्वांटम संगणक येईपर्यंत थांबू म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की त्याची आज ठाऊक असलेली युक्ती २५६ बिटांचं बळ फार तर १२८ बिटांइतकं कमी करते, आणि तेवढंही आपल्याला पुरून उरतं.

तेव्हा कुलपाचा नाद सोडून तपास स्वतःकडे वळवावा. एकांतात बसावं, वही घ्यावी, आणि आपण एक असाधारण, गूढ व्यक्तिमत्त्व आहोत हा समज बाजूला ठेवून लिहायला लागावं: कुलदैवत, मूळ गाव, मुलांची घरगुती नावं, पहिल्या स्कूटरचा नंबर. बिल बर या एनआयएसटीच्या अधिकाऱ्याने २००३ साली मोठं अक्षर, आकडा, चिन्ह यांची जी नियमावली घातली, तिचा आता आपल्याला उपयोग आहे. त्या नियमांचा पश्चात्ताप झाल्याचं त्याने २०१७ साली सांगितलं, कारण लोक पहिलंच अक्षर मोठं करतात, शेवटी साल चिकटवतात आणि सालापुढे उद्गारचिन्ह मारतात. म्हणजे आपणच. मराठी माणसाचा खास घोटाळा मात्र रोमन लिपीतला. लक्ष्मीमध्ये एक्स घातला होता की के-एस-एच? विठ्ठलात टी किती, एल किती? आणि विश्वास, ज्याच्यावर हा सगळा डोलारा उभा होता, तो व्हीचा की डब्ल्यूचा? हे सगळे फाटे मोजावेत. वीस शब्द, प्रत्येकाची चार स्पेलिंगं, पहिलं अक्षर मोठं किंवा लहान, शंभरातलं कुठलंही साल, ते पूर्ण किंवा शेवटचे दोन आकडे, सहापैकी एक चिन्ह, ते पुढे किंवा मागे. गुणाकार ३,८४,००० येतो. हाताने, एकाला दहा सेकंद धरले, तर न झोपता चव्वेचाळीस दिवस. पण हॅशकॅट किंवा जॉन द रिपर ही फुकट मिळणारी साधनं सेकंदाला हजार पासवर्ड तपासत असतील, तर साडेसहा मिनिटं. याउलट आठच अक्षरं, पण कीबोर्डवरच्या ९५ चिन्हांतून खरोखर डोळे मिटून निवडलेली, तर त्याच वेगाने दोन लाखांवर वर्षं. साडेसहा मिनिटं आणि दोन लाख वर्षं यांच्यामध्ये उभा आहे तो आपला साधेपणा, आणि त्याबद्दल आपल्या शिक्षकांचे आभार मानावेत.

‘पण मी खरोखरच कठीण पासवर्ड ठेवला होता’ ही हरकत गंभीर आहे, कारण ती क्वचित खरी असते. तिथेही आशेचा एक धागा आहे. युरोपातल्या एका माणसाने २०१३ साली रोबोफॉर्म या प्रोग्रॅमकडून वीस अक्षरी पासवर्ड बनवून घेतला आणि तो गमावला, आत ४३.६ बिटकॉइन. अनेक वर्षांनी जो ग्रँड या हॅकरच्या आणि त्याच्या साथीदाराच्या ध्यानात आलं, की त्या जुन्या आवृत्तीचा ‘यादृच्छिक’ पासवर्ड प्रत्यक्षात संगणकाच्या घड्याळावरून ठरत होता. त्यांनी ती वेळ हुडकली आणि कुलूप उघडलं. म्हणजे तिथेही सामान्यपणानेच हात दिला, फक्त तो माणसाचा नसून प्रोग्रॅमचा होता. ज्या साधनात प्रयत्न मोजूनच मिळतात, तिथे मात्र वहीतला गुणाकार कामाचा नाही. स्टीफन थॉमस या प्रोग्रॅमरची ७,००२ बिटकॉइन आयर्नकी नावाच्या पेन ड्राइव्हमध्ये होती. दहा चुकांनंतर तो आतलं सगळं कायमचं बंद करतो, आणि २०२१च्या जानेवारीत बातमी आली तेव्हा त्याच्या आठ चुका होऊन गेल्या होत्या. पासवर्ड त्याने कागदावर लिहिला होता. कागद हरवला.

आता वळावं कागदाकडे, कारण बऱ्याच वाचकांची सुटका इथेच आहे. बिटलॉकर सुरू करताना ते ४८ अंकी रिकव्हरी की देतं, सहा-सहा अंकांचे आठ गट. ती आपण ‘नंतर बघू’ म्हणून कुठेतरी टाकलेली असते: मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, एखाद्या टेक्स्ट फाइलमध्ये, किंवा छापून लोखंडी कपाटात, जुन्या लाइटबिलांच्या आणि फॉर्म १६च्या गठ्ठ्यात. गठ्ठा पानन् पान चाळावा. व्हेराक्रिप्टवाल्यांना अशी की मिळत नाही, त्यांनी वहीकडे परत जावं. कागदावर लिहून ठेवणं धोक्याचं, असं जाणकार म्हणतील. पण घर फोडणारा चोर सोनं शोधतो, आकड्यांचा कागद घेऊन कोणी पळत नाही, आणि पळालाच तर त्याला डिस्कही लागेल. म्हणून डिस्क एका कपाटात, कागद दुसऱ्यात. आणि तो कोणत्या डिस्कचा आहे हे त्यावर मराठीत, शाईने लिहून ठेवावं. नुसते ४८ आकडे दिवाळीच्या साफसफाईत सापडले, की ते रद्दीत जातात.