नाकावरचा पहारा

घोरणं हा असा आजार आहे की त्यात रोगी सोडून घरातल्या सगळ्यांची झोप उडते आणि रोगी सकाळी छातीवर हात ठेवून सांगतो, 'मी? छे! मला तर डोळासुद्धा लागला नाही.' बेळगावच्या कॅम्पात राहणारे एक निवृत्त सुभेदार हेच सांगत म्हातारे झाले. मराठा लाइट इन्फंट्रीतली नोकरी, नंतर कॅम्पातच कौलारू घर, अंगणात फणस. बायकोनं तक्रार केली की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं : 'बराकीत चाळीस जवान झोपत होते. एकानं कधी तोंड उघडलं नाही.' चाळिसांचीही तोंडं रात्रभर उघडीच असणार, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

काकूंची तक्रार खरं तर घोरण्याची नव्हती. ते थांबायचं, त्याची होती. ऐन रंगात आलेला गडगडाट एकाएकी बंद पडायचा. छाती वरखाली होतेय, पण श्वास नाही. काकू अंधारात आकडे मोजायच्या. मग आंबोली घाटात लॉरीनं गिअर बदलावा तसा आवाज व्हायचा आणि सुभेदारसाहेब पुन्हा चालू. दिवसा मात्र हा माणूस कुठंही झोपायचा : पेपर वाचताना, पेन्शनच्या रांगेत, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत, गालाला साबण असताना.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले. डॉक्टरांनी जे कारण सांगितलं त्यात 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया' हे नाव होतं. टीव्हीवर त्याचं वर्णन सुरू झालं तशी काकूंची विळी थांबली. इतकी वर्षं त्या रात्री जे मोजत होत्या, त्याला शास्त्रात नाव होतं तर!

झोपेची तपासणी झाली. डोक्याला तारा, छातीला पट्टे, बोटाला चिमटा. इतकं बांधून घेतल्यावर 'आता नेहमीसारखं झोपा' असं सांगण्यात आलं आणि सुभेदारसाहेब खरोखरच नेहमीसारखे झोपले. निकाल : तासाला ४२. म्हणजे दर तासाला बेचाळीस वेळा श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ अडतो किंवा अगदी मंदावतो. तिसाच्या पुढे गेलं की आजार तीव्र समजतात. सात तासांच्या झोपेत तीनशेच्या आसपास वेळा मेंदू दचकून उठतो आणि गळ्याला कामाला लावतो. सकाळी मालकाला त्यातलं काही आठवत नाही. 'मोजणारी बायको होती म्हणून कळलं,' असं डॉक्टर म्हणाले. काकूंनी तो कागद देवघरात ठेवला.

उपाय सांगितला तो सीपॅपचा. झोपेत गळ्याचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं सरकते, वाट बुजते. यंत्र नाकावाटे हवेचा हलका दाब देऊन ती वाट उघडी ठेवतं. दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात, साधारण ४ ते २०. दहा सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम एक टक्का, पण नाकपुडीवर पहिल्यांदा आला की माणसाला वावटळीत उभं राहिल्यासारखं वाटतं.

ही युक्ती सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांची, १९८० सालची. त्याआधी तीव्र रोग्याच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवत. तसं भोक पाडायचं ठरलेल्या एका रोग्यानं आधी हा प्रयोग करून बघायला होकार दिला आणि तो रात्रभर गाढ झोपला. पाच रोग्यांचा अनुभव १९८१ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. सुरुवातीची यंत्रं व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीची, कानठळ्या बसवणारी. मास्क रोज रात्री चेहऱ्याला चिकटवावा लागे. सलिव्हन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले होते, ही माहिती पुण्याच्या पुतण्यानं फोनवर पुरवली. ती त्यानं पुरवायला नको होती.

यंत्र बसवायला हुबळीहून एक पोरगा आला. 'मास्क हाकोरी. बायी मुच्चरी,' तो म्हणाला. नाकाच्या मास्कमध्ये तोंड उघडलं की सगळी हवा तिथूनच निसटते, म्हणून तोंड बंद ठेवायचं. काकूंनी त्याला चहाबरोबर कुंदा दिला. तोंड बंद ठेवा, हे सुभेदारसाहेबांना इतकं थेट सांगणारा तो पहिलाच.

पहिल्या रात्री मास्क टिकला नाही. गॅसमास्क लावून मैदानं तुडवलेला गडी बोटभर रबराला घाबरला. कधी पट्टा सैल, मग डोळ्यांत वारं. कधी घट्ट, मग सकाळी नाकावर लाल वळ. डॉक्टरांनी सुचवलं, आधी दिवसा टीव्ही बघताना लावून बसा. इथं घोटाळा झाला. सुभेदारसाहेब मास्क लावून बातम्या बघताहेत हे खिडकीतून कुणीतरी पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत 'साहेब ऑक्सिजनवर आहेत' ही बातमी पार फिश मार्केटपर्यंत गेली. कोरोनानंतर नाकाला नळी म्हणजे लोकांना एकच अर्थ ठाऊक. शहाळी आली, ब्रेडचे पुडे आले, एकानं मुलांना कळवलं का म्हणून हळूच विचारलं. यंत्रात खोलीतलीच साधी हवा असते हे साहेब समजावत राहिले, तेही मास्कमधून. शहाळी मात्र परत केली नाहीत.

हवा दमट करणाऱ्या भांड्याला डिस्टिल्ड वॉटर लागतं. नळाच्या पाण्याचे क्षार साचतात. औषधाच्या दुकानात ते सुईपुरत्या कुपीत निघालं, म्हणून साहेब बॅटरीच्या दुकानात गेले. 'कुठली बॅटरी?' दुकानदारानं विचारलं. 'बॅटरी न्हवं, नाकाला पाहिजे,' साहेब म्हणाले. दुकानदारानं कॅन परत आत ठेवला. शेवटी औषधवाल्यानं मोठी बाटली मागवून दिली.

बेळगावच्या थंडीत आणखी एक गंमत होते. भांड्यातली वाफ नळीत गार होऊन पाणी बनतं आणि मध्यरात्री नाकावर शिंतोडे येतात. काकूंनी जुन्या स्वेटरच्या बाह्या उसवून नळीला लोकरीचा झगा विणला. यंत्र बनवणारे असे झगे विकतात, पण त्यांना मरून लोकर काय ठाऊक! पावसाळ्यात फांद्या पडून लाईट जाते तेव्हा यंत्रही बंद पडतं, म्हणून इन्व्हर्टर आला. यंत्र स्वस्त नव्हतंच. त्याच्या मागून येणाऱ्या सरंजामाचा हिशेब कुणी आधी सांगत नाही.

आणि हळूहळू साहेबांना ते जमलं. मास्क पहिल्यांदा रात्रभर टिकला, त्या रात्री जागल्या त्या काकू. खोलीत इतकी शांतता त्यांनी लग्नानंतर ऐकली नव्हती. दर तासाला उठून त्या नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून बघत. बारीक सूं-सूं ऐकू यायला लागलं तेव्हा कुठं त्यांची झोप ताळ्यावर आली.

यंत्र सकाळी हजेरी देतं : किती तास लावलं, हवा किती गळली, तासाला किती वेळा श्वास अडला. आकडा पाचाच्या खाली आला की साहेब तो नाश्त्याआधी काकूंना वाचून दाखवतात. पाचाच्या वर गेला की मास्कचा दोष. पेपर आता ते शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि मधल्या पानावरच्या सगळ्या गोष्टींवर त्यांचं मत असतं, हा एक तोटा.

परवा निपाणीला भाचीचं लग्न होतं. आदल्या रात्री कार्यालयाच्या हॉलमध्ये ओळीनं गाद्या आणि सगळ्यांत मिळून एक प्लगबोर्ड, त्यावर मोबाईलची झुंबड. 'हा मोबाईल न्हवं, हा माझा श्वास हाय,' असं बजावून साहेबांनी एक जागा मिळवली. लोकरीच्या झग्यातली नळी बघायला पोरं भोवती बसली. कडेच्या गादीवरच्या मामीनं काकूंना विचारलं, 'हे लावलं की घोरणं खरंच थांबतं व्हय? मग आमच्या ह्यांना एक बघा की.' काकू म्हणाल्या, तसं नाही, आधी तपासणी करावी लागते.

'कसली तपासणी?' मामा उठून बसले. 'मी घोरतच नाही.'

हॉलमधल्या तीन वेगवेगळ्या गाद्यांवरून तीन मोबाईल वर आले. तिन्हींत मामांचं रेकॉर्डिंग होतं, आणि एक तर गेल्या वर्षीच्या बारशातलं होतं.