खुणेवर विश्वास, पोरावर संशय

संशय कोणाचा घ्यावा, हे आपल्या व्यवस्थेला पक्के ठाऊक आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळ्यातल्या बारावी पास पोराने महिन्याला सहा हजार रुपये मागितले, की चौकशी थेट तो अस्तित्वात आहे का, इथून सुरू होते. २०२४च्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेत त्याला आधार लागते, आधारला जोडलेले बँक खाते लागते, राज्याचा रहिवासी असल्याचा पुरावा लागतो, गुणपत्रिका लागते, वय १८ ते ३५ लागते, पोर्टलवर नोंदणी लागते आणि हे सगळे जुळले की रोजची हजेरी लागते. त्याच पोराने त्याच मोबाइलवर झोपेच्या गोळ्या मागवल्या, तर चोरटा विक्रेता एवढेच म्हणतो: ‘माझ्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी आहे’ या चौकटीत खूण करा. झाले! ती खूणच डॉक्टर, तीच फार्मासिस्ट आणि तीच घरातले वडीलधारे माणूस. खुणेला वय नाही, रहिवास नाही, आणि तिचे आधार कशालाही जोडलेले नसले तरी पार्सल वेळेवर येते.

कायदा आहे की, असे कोणी म्हणेल. आहेच. छत्रपती संभाजीनगरात ‘बटन’ आणि मालेगावात ‘कुत्ता गोळी’ या नावांनी फिरणाऱ्या गुंगीच्या गोळ्यांतली नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम ही औषधे औषध नियमांच्या २०१४पासून लागू असलेल्या एच-१ अनुसूचीत आहेत. मेडिकलवाल्याने रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव, दिलेले औषध वेगळ्या वहीत लिहायचे आणि वही तीन वर्षे जपायची. ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा मात्र ऑगस्ट २०१८मध्ये निघाला आणि वर्षानुवर्षे मसुदाच राहिला. मध्यंतरी पोरांच्या प्रशिक्षणाची ती योजना आली, सहा महिन्यांची अकरा झाली, पोरांची मुदत संपली, ‘कायम करा’ म्हणत ती रस्त्यावरही उतरली. कायम झाला तो एकटा मसुदा.

सातपुड्याच्या पायथ्याला औषध घरपोच मिळाले तर बिघडले कुठे, हा आक्षेप रास्त आहे. रक्तदाबाच्या म्हाताऱ्याला कोणी अडवत नाही. चिठ्ठी पाहणारा नोंदणीकृत फार्मासिस्ट मध्ये असला की पुरे. भीती आहे ती चोरट्या पाकिटाची. त्यात औषध कमी, जास्त की भलतेच, हे कोणालाच माहीत नसते. गुंगीच्या गोळीवर दारू घेतली तर श्वास थांबू शकतो, आणि सवय लागलेली गोळी एकदम सोडली तर झटके येऊ शकतात. हे सांगायला खुणेला तोंड नाही.

योजनेतले दाखले काढून टाकले तर बोगस लाभार्थी घुसतील, हेही खरे. काढू नका! त्यातले निम्मे गोळीच्या दारात मांडा. सहा हजारांचा गैरवापर होईल म्हणून सात अटी घालायच्या आणि जीव जाईल तिथे एक खूण चालवून घ्यायची, याला दक्षता म्हणत नाहीत. याला गरिबाच्या पोराबद्दलची अढी म्हणतात. ‘प्रशिक्षण म्हणजे नोकरी नव्हे’ हे त्याला ठणकावून सांगता ना? मग पदवी घेऊन योजनेत दहा हजारांवर बसलेल्या फार्मसीच्या पोरांना हे ऑनलाइन दुकान तपासायला बसवा. आणि अकराव्या महिन्यात त्यांना घरी पाठवू नका, कारण गोळी विकणाऱ्याची मुदत संपत नाही.